ड्राइव्ह ५९९ वरच का थांबतो?

(या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले "अं" आणि "म्हणजे" काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज विषय जरा जड आहे, म्हणून सुरुवात हिंगणघाटपासून करतो.

माझे मामाजी तिथल्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत. दिवाळीत मी वर्ध्याला घरी होतो तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर एका नव्या व्हीएफडीच्या मॅन्युअलचा फोटो पाठवला. व्हीएफडी म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह. गिरणीत, पाण्याच्या पंपावर, लिफ्टमध्ये, सगळीकडे असतो. फोटोत एका ओळीला मामाजींनी लाल गोल केला होता. कमाल आउटपुट फ्रीक्वेन्सी, ५९९ हर्ट्झ. खाली व्हॉइस नोट: "काहून रे, सहाशे लिहायले ह्यायचं काय जात होतं? एका हर्ट्झची कंजूषी?"

आता आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची. गिरणीतल्या मोटरी त्याच्याच आसपास चालतात. मामाजींना ५९९ काय आणि ६०० काय, आयुष्यात गरज पडणार नाही. मी बीटेक करून कोड लिहिणारा माणूस, मोटरीतलं मला फार कळत नाही. पण ५९९ बघून कोणत्याही प्रोग्रॅमरला जे वाटेल तेच मला वाटलं. ही हार्डवेअरची मर्यादा नाही. कुणीतरी मुद्दाम "६०० पेक्षा कमी" अशी अट टाकली आहे. मग शोधत बसलो आणि त्यात दोन रात्री गेल्या.

उत्तर असं, की तो एक हर्ट्झ अणुबॉम्बच्या भीतीने कमी केलेला आहे. मस्करी नाही करत. जगात देशांचा एक गट आहे, न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप, थोडक्यात एनएसजी. अणुइंधन, अणुभट्टीचं सामान आणि त्याला लागणारी यंत्रं कुणाला विकायची, कुणाला नाही, याचे नियम हा गट ठरवतो. २०१६ मध्ये बातम्यांत हे नाव फार गाजलं होतं, आठवत असेल. आणि हा गट मुळात जन्माला आला तो आपल्यामुळे. त्याची सुरुवात मुंबईत, ट्रॉम्बेला आहे.

सायरस नावाची भट्टी

१९५६ मध्ये कॅनडाने भारताशी करार केला आणि एक संशोधन अणुभट्टी द्यायचं कबूल केलं. क्षमता ४० मेगावॉट, जागा ट्रॉम्बे. तिला जड पाणी लागायचं, ते अमेरिकेने दिलं. म्हणून नाव पडलं सायरस, यातलं पहिलं अक्षर कॅनडाचं आणि शेवटची दोन यूएसची. १९६० मध्ये ती सुरू झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, जी आज जगभर तपासणी करत फिरते, ती स्थापन झाली १९५७ ला, म्हणजे करारानंतर. त्यामुळे सायरसवर तपासणी वगैरे काही नव्हती. होतं फक्त एक वचन: ही भट्टी शांततेच्या कामासाठीच वापरू.

आता अणुभट्टीत युरेनियम जळलं की त्यातल्या काही भागाचं प्लुटोनियम बनतं. ते वेगळं काढायचा प्रकल्प आपण साठच्या दशकात ट्रॉम्बेलाच उभा केला. आणि १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं.

सरकार म्हणालं, हा शांततामय अणुस्फोट आहे. आज ऐकताना हसू येतं, पण त्या काळी हे तितकं वेडगळ नव्हतं. कालवे खोदायला, तेलाचे साठे मोकळे करायला अणुस्फोट वापरता येतील असे कार्यक्रम अमेरिका आणि रशिया दोघांचेही चालू होते. पण कॅनडाने याची कल्पना आधीच दिली होती. त्यांचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी १९७१ मध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहून कळवलं होतं, की आमचं साहित्य स्फोटासाठी वापरलंत तर आम्हाला सहकार्याचा फेरविचार करावा लागेल.

माझ्या धंद्यात याला रिक्वायरमेंटचा घोळ म्हणतात. क्लायंट म्हणतो, सिस्टिम फास्ट पाहिजे. तुम्ही म्हणता हो. दोघं सही करतात. फास्ट म्हणजे किती, हे कुणीच लिहिलेलं नसतं. सायरसच्या करारात "शांततेसाठी" हा शब्द तसाच होता. दिल्लीने आपल्या सोयीचा अर्थ लावला, ओटावाने आपल्या. मला विचाराल तर कॅनडाचा राग खरा होता. देशाचा अभिमान एका बाजूला ठेवून बोलतोय. भट्टी देणाऱ्याला काय अपेक्षित होतं हे आपल्याला नीट माहीत होतं.

कॅनडाने लगेच हात आखडता घेतला आणि १९७६ मध्ये अणुसहकार्य पूर्ण बंद केलं. राजस्थानातली रावतभाट्याची दुसरी भट्टी अर्धवट होती, ती आपल्या इंजिनिअरांनी स्वतः पुरी केली, १९८१ मध्ये. पण त्याहून मोठी गोष्ट घडली लंडनमध्ये.

१९७५ ला सात देश लंडनला गुपचूप भेटले: अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान. शीतयुद्धाचा काळ, एरवी एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले लोक. पण या एका बाबतीत अमेरिका आणि रशियाचं एकमत होतं. पत्रकार परिषद नाही, निवेदन नाही. लोक त्याला लंडन क्लब म्हणायचे. १९७८ मध्ये त्यांचे नियम जाहीर झाले. त्यात एक यादी होती, तिला ट्रिगर लिस्ट म्हणतात. तुम्ही त्या यादीतली वस्तू विकलीत की आपोआप अट लागू होते, घेणाऱ्याने आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य केली पाहिजे.

या गटाची रचना मला फार विचित्र वाटते. हा तह नाही. कोर्ट नाही. स्वतःची इमारतसुद्धा नाही. व्हिएन्नातलं जपानचं कार्यालय त्यांचा पत्रव्यवहार सांभाळतं. आज ४८ देश आहेत. ते वर्षातून एकदा बसतात, एक सामायिक डॉक्युमेंट अपडेट करतात, आणि प्रत्येक देश ते आपापल्या कायद्यात मर्ज करतो. बदल करायचा तर सगळ्यांचा होकार हवा. ४७ हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तर काहीच होत नाही.

तारापूरचं इंधन

याचा चटका सगळ्यात जास्त कुणाला बसला असेल तर तारापूरला. आज पालघर जिल्हा, तेव्हा ठाणे जिल्हा. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र, दोन भट्ट्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या. २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यापारी वीज सुरू झाली, महाराष्ट्र आणि गुजरातसाठी.

या भट्ट्यांना साधं युरेनियम चालत नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग, यू-२३५, फक्त ०.७ टक्के असतो. तारापूरला दोन-तीन टक्के लागतो. तो वाढवण्याला समृद्धीकरण म्हणतात, आणि ती सोय त्या वेळी आपल्याकडे नव्हती. १९६३ च्या करारात ठरलं, की ३० वर्षं, म्हणजे १९९३ पर्यंत, इंधन अमेरिका पुरवेल आणि तारापूर अमेरिकेचंच इंधन वापरेल. कच्चा माल समुद्रापार यायचा, हैदराबादला त्याच्या गोळ्या बनायच्या, तिथून तारापूर. आजच्या भाषेत व्हेंडर लॉक-इन.

पोखरणनंतर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये प्रश्न सुरू झाले. जानेवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत आले. आम्हा पॉडकास्टवाल्यांच्या अंगावर काटा येईल असा प्रसंग तेव्हा घडला. माइक चालू आहे हे कार्टरना कळलंच नाही, आणि ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले, परत गेलो की यांना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू. मोरारजी देसाई सगळ्या भट्ट्या तपासणीला खुल्या करायला तयार नव्हते, त्याबद्दल बोलणं चाललं होतं. बातमी जगभर. रेकॉर्डिंगचं लाल बटण दोनदा बघायची सवय उगाच नसते बाप्पा.

दोन महिन्यांनी, १० मार्च १९७८ ला, कार्टरनी नव्या कायद्यावर सही केली. ज्या देशाच्या सगळ्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला अमेरिका इंधन देणार नाही. सगळ्या म्हणजे फक्त तारापूरच्या नाही, ट्रॉम्बेच्यासुद्धा. तारापूरवर तर तपासणी आधीपासून होतीच, १९७१ च्या करारानुसार.

इथे मात्र माझं मत उलटं आहे. सायरसच्या बाबतीत आपलं चुकलं म्हटलं ना? तारापूरच्या बाबतीत अमेरिकेचं चुकलं. १९६३ मध्ये सही केलेल्या कराराला १९७८ चा कायदा लावायचा, तोही तारापूरने अट मोडलेली नसताना. अपडेटच्या नावाखाली जुन्या पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचं फीचर काढून घेण्यासारखंच झालं.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे दर खेपेला रडारड. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न आला. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला. कार्टरनी स्वतःच्या अधिकारात मंजूर केला. मग प्रतिनिधीगृहाने कार्टरच्या विरोधात मत दिलं, २९८ विरुद्ध ९८. शेवटी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन सुटलं. दोन मतं! मुंबईच्या लोकलमध्ये लटकणाऱ्या माणसाला पत्ताही नसेल, की आपल्या ग्रिडमधली वीज अमेरिकेतल्या दोन सिनेटरांवर टेकलेली आहे.

अमेरिकेने इतका विचार का केला? भीती एवढीच, की आपण करार मोडला तर भारत मोकळा होईल. तारापूरच्या तलावांत वापरलेलं इंधन साठलेलं होतं, आणि त्यात प्लुटोनियम होतं. म्हणजे नियम कडक करावे तर बॉम्बचं साहित्य हातातून जाणार, ढिले सोडावे तर नियमाला अर्थ नाही.

१९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांनी पळवाट काढली. करार तोच राहील, पण इंधन फ्रान्स देईल. पुढची दहा-अकरा वर्षं फ्रान्सने दिलं. १९९३ मध्ये करार संपला, तोवर फ्रान्सनेही तीच "सगळ्या भट्ट्या दाखवा" अट स्वीकारलेली होती. मग? १९९५ मध्ये चीनने दिलं. हो, चीनने, तो तेव्हा या गटात नव्हता. २००१ मध्ये रशियाने दिलं, नियमातल्या एका अपवादाचा आधार घेऊन: भट्टीच्या सुरक्षिततेसाठी गरजेचं असेल तर देता येतं. गटातल्या बाकीच्यांनी नाराजी दाखवली. २००६ ला रशियाने पुन्हा दिलं. एका वीज केंद्राला जिवंत ठेवायला चार देश फिरून झाले.

आणि दुसरीकडे बघा. त्याच तारापूरच्या आवारात तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या आपण स्वतः बांधल्या, ५४० मेगावॉटच्या, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. जड पाणी आणि साधं युरेनियम, समृद्धीकरणाची भानगड नाही. बंदीमुळे आपण शिकलो, हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल आणि ते खरंही आहे. पण त्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. साधं युरेनियमसुद्धा देशात पुरेसं निघत नव्हतं. २००८ च्या सुमारास आपल्या भट्ट्या इंधनाअभावी निम्म्याच्या आसपास क्षमतेवर चालत होत्या. भट्टी बांधता आली, पण जमिनीत नसलेलं युरेनियम कुठून आणणार?

म्हणून २००८ चा अणुकरार. डॉ. मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा डाव्यांनी काढला, २२ जुलैला लोकसभेत विश्वासमत झालं, हे तुम्ही वाचलं असेल. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा डॉ. अनिल काकोडकर होते, आपल्या व्हीजेटीआयचे मेकॅनिकल इंजिनिअर. पण खरा निकाल लागायचा होता व्हिएन्नात, त्याच गटाच्या बैठकीत, जिथे एक "नाही" पुरेसा असतो. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड अडून बसले. ५ सप्टेंबरला परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींनी निवेदन दिलं, स्वतःहून चाचण्या करणार नाही, तंत्रज्ञान बाहेर जाऊ देणार नाही. ६ सप्टेंबर २००८ ला सूट मिळाली. ३४ वर्षांनी.

मग कझाकस्तान, रशिया, फ्रान्सकडून युरेनियम आलं. आणि २०१५ मध्ये कॅनडाकडून. त्याच कॅनडाकडून! सायरस तोवर कायमची बंद झाली होती, ३१ डिसेंबर २०१० ला.

सूट मिळाली, सदस्यत्व नाही. २०१६ मध्ये आपण अर्ज केला, सोलच्या बैठकीत चीनने अडवला. मुद्दा असा, की अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपली सही नाही. त्या करारात अण्वस्त्रधारी देश म्हणजे १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केलेला. आपण सात वर्षं उशिरा. म्हणजे आपल्याला सही करायची तर बॉम्ब सोडून करावी लागेल. ही तारीख मला आजही पटत नाही. पण गटाचं म्हणणंही ऐका: सही न केलेल्या एकाला आत घेतलं तर पाकिस्तानला कोणत्या तोंडाने बाहेर ठेवायचं?

आता तो ५९९

थांबा, मामाजींचा प्रश्न विसरलो नाही.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासनीस इराकमध्ये गेले, तेव्हा तिथे गुप्त अणुकार्यक्रम सापडला. त्यातलं बरंच सामान ट्रिगर लिस्टमध्ये नव्हतंच. युरोपातल्या कंपन्यांकडून घेतलेली साधी वाटणारी औद्योगिक यंत्रं होती. म्हणून १९९२ मध्ये गटाने दुसरी यादी केली, दुहेरी वापराच्या वस्तूंची. म्हणजे गिरणीतही चालेल आणि बॉम्बच्या कारखान्यातही चालेल असं सामान.

ही यादी वाचताना मला एखाद्या चांगल्या स्पेसिफिकेशनसारखी वाटली. "शांततेसाठी" असले शब्द नाहीत, सगळे आकडे. पोलाद? मॅरेजिंग स्टील, ताणशक्ती १९५० मेगापास्कल किंवा जास्त असेल तर. ॲल्युमिनियमची नळी? ताणशक्ती ४६० मेगापास्कल आणि बाहेरचा व्यास ७५ मिलिमीटरच्या वर असेल तर. आणि फ्रीक्वेन्सी बदलणारं यंत्र? ६०० हर्ट्झ किंवा जास्त.

६०० च का? युरेनियम समृद्ध करायचं तर सेंट्रिफ्यूज लागतो, ताक घुसळतो तसा पण मिनिटाला ६० हजारांहून जास्त फेऱ्यांचा. त्याची मोटर १००० हर्ट्झच्या आसपास चालवावी लागते. गिरणीला, लिफ्टला, पंपाला एवढं लागतच नाही. म्हणून मधे ६०० ची रेघ. आता कंपन्यांनी काय केलं? हार्डवेअर तेच ठेवलं, फर्मवेअरमध्ये मर्यादा टाकली. कुणी ५९९, कुणी ५९०. मग तो ड्राइव्ह परवान्याच्या झंझटीशिवाय हिंगणघाटला येऊ शकतो.

माझ्यासारख्याचा लगेच प्रश्न: मग सॉफ्टवेअर बदलून मर्यादा उठवली तर? यादी करणाऱ्यांनी त्याचाही विचार केलाय. अशी मर्यादा मोकळी करणारं सॉफ्टवेअर, किंवा त्याचा कोड, की, तेसुद्धा यादीत आहे. म्हणजे ईमेलने पाठवता येईल असा काही अक्षरांचा कोड हा अणुनियंत्रणाखालचा माल ठरू शकतो.

आणि हे कागदी भय नाही. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट व्हायरस तुम्ही ऐकला असेल. इराणच्या नतान्झमध्ये घुसला होता. त्याचा कोड आधी बघायचा, ड्राइव्ह दोन ठरावीक कंपन्यांचे आहेत का, आणि ८०७ ते १२१० हर्ट्झमध्ये चालताहेत का. असतील तरच हल्ला: स्पीड एकदम १४१० वर, मग २ वर. गिरणीच्या मशीनला त्याने हातही लावला नसता. कोणतं मशीन कापसाचं आणि कोणतं युरेनियमचं, हे व्हायरसनेही फ्रीक्वेन्सीवरूनच ओळखलं.

फक्त मोटरीच नाहीत. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवामानासाठी सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेने मोठा क्रे नाकारला आणि धाकटं मॉडेल दिलं, कारण त्यावर अणुस्फोटाचं आणि क्षेपणास्त्राचं गणितही करता येतं. हा नियम या गटाचा नव्हता, अमेरिकेचा स्वतःचा होता, पण तर्क तोच. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरला शिकलेले. परमच्या आत चिप्स ब्रिटिश होत्या, हे सांगायचं आपण टाळतो, पण त्या शेकड्यांनी जोडून एकत्र चालवायचं काम सोपं नव्हतं. आता तोच खेळ एआयच्या चिप्सवर चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने केलेल्या नियमात भारत दुसऱ्या रांगेत होता. मे महिन्यात तो नियम त्यांनीच मागे घेतला.

बरं, हे सगळं आपल्याला कशाला? कारण आता आपण फक्त घेणारे नाही, अडवणारेही आहोत.

२००८ ची सूट फुकट मिळाली नाही. भारताने आपले निर्यातीचे नियम या गटाच्या यादीशी जुळवायचं कबूल केलं होतं. त्या भारतीय यादीचं नाव स्कोमेट. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, ती काढतं. यादीचे विभाग शून्यापासून सुरू होतात, कोडरांना बरं वाटेल. शून्य नंबरचा विभाग अणूचा, त्याचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. वस्तूच नाही, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही त्यात येतं. ड्रॉइंग ईमेल केलं तरी ती निर्यातच. आणि २००५ चा एक कायदा आहे, त्यानुसार वस्तू यादीत नसली तरी ती महासंहारक शस्त्रासाठी जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर देता येत नाही. चूक भारी पडते, तुरुंगापर्यंत.

तुमच्यापैकी कुणी देवळीच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत सीएनसीवर काम करतं, कुणी पुण्यात बसून परदेशी मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर लिहितं. २००३ मध्ये लिबियाला जाणारं एक जहाज पकडलं, त्यात सेंट्रिफ्यूजचे भाग होते, पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खानच्या जाळ्यातले. ते बनले होते मलेशियातल्या एका साध्या कारखान्यात. आपण काय बनवतोय हे माहीत नव्हतं, असं कारखान्याचं म्हणणं होतं. ड्रॉइंग आलं, माल बनवला, बिल मिळालं. आपल्याकडच्या जॉबवर्कवाल्याला विचारा, तोही असंच काम करतो.

म्हणून बाहेरच्या देशातून चौकशीचा मेल आला, तर दोन-तीन गोष्टी बघा. शेवटी वापरणारा कोण, हे सांगायला गिऱ्हाईक टाळाटाळ करतोय का? मालाचा पत्ता फक्त एखाद्या ट्रेडिंग कंपनीचा आहे का? बेकरीच्या नावावर कुणी व्हॅक्यूम पंप किंवा प्रेशर सेन्सर मागतोय का? इन्स्टॉलेशन नको, सर्व्हिस नको, पैसे रोख, असं आहे का? यातलं काही असेल तर डीजीएफटीच्या साइटवर स्कोमेटची यादी उघडा, आपल्या मालाचे आकडे तिच्याशी ताडून बघा, आणि शंका राहिली तर माल काढायच्या आधी लेखी विचारा. नागपूरला त्यांचं कार्यालय आहे.

आणि हो, आयट्यून्सच्या अटींतही एक कलम होतं, की हे वापरून अण्वस्त्रं बनवणार नाही. न वाचता आपण सगळ्यांनी "ॲग्री" दाबलेलं आहे.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. वऱ्हाडीत पाठवलीत तर आधी वाजवीन.